भाषाविहार : एका ‘तरी’चे तीन भाव

कोरियन चित्रपट व मालिका पाहून आमच्या कांहीं घरांतील मुलें हल्लीं ती भाषा हौसेनें शिकूं लागलीं आहेत. त्यांच्या मार्गांत एक अडचण हटकून येते. आपल्या ‘तरी’च्या जागीं त्या भाषेंत क्रियापदास जोडावयाचे अनेक प्रत्यय आहेत, आणि कोशांत पाहावें तर त्यांचे अर्थ जवळजवळ सारखेच. त्यांपैकीं तिहींचा विचार आम्ही येथें करणार आहों.

कोरियन भाषेंतहि मराठीप्रमाणें पाऊस ‘येतो’, व क्रियापद वाक्याच्या शेवटीं बसतें. ‘येणें’ या अर्थाचा धातु ‘ओ’. त्यास ‘जिमान’ लावून ‘ओजिमान’ म्हटलें, कीं पाऊस ही खरी गोष्ट म्हणून मान्य केली जाते : ‘पाऊस येत आहे, पण मी जातों.’ ‘दॉरादो’ लावून ‘ओदॉरादो’ म्हटलें, तर पाऊस बहुधा कल्पिलेला असतो. आकाश निरभ्र असतांहि हें वाक्य शोभतें : ‘उद्यां पाऊस जरी आला, तरी मी जाईन.’ तिसरा प्रत्यय ‘आदो’; त्याचें रूप ‘वादो’. घडलेलें व कल्पिलेलें, दोन्ही तो सामावून घेतो. आपला साधा ‘तरी’ हा त्याचाच सख्खा भाऊ होय. परवानगी देतांना आपण ‘गेलें तरी चालेल’ असें म्हणतों. कोरियन मनुष्य ‘कादो द्वेयो’ म्हणतो, तेंहि नेमकें ह्याच बांधणीचें. तेथें उरलेल्या दोन प्रत्ययांस प्रवेश नाहीं.

हा भेद केवळ वैयाकरणांच्या चर्चेचा आहे असें कोणीं समजूं नये. परमुलुखांत आजारी पडलेला विद्यार्थी डॉक्टरांस सांगूं पाहतो, ‘औषध घेतलें तरी गुण येत नाहीं.’ कोरियन लोक औषध ‘खातात’. म्हणून येथें ‘मॉगॉदो’, म्हणजे ‘खाल्लें तरी’, असें म्हटलें पाहिजे. चुकून ‘मॉक्तॉरादो’ म्हटलें, तर औषध अद्यापि घेतलेंच नाहीं, आणि पुढें घेऊनहि उपयोग होणार नाहीं, असा भाव ऐकणाराच्या मनांत उभा राहण्याचा संभव! उपचाराची दिशाच त्यानें बदलेल.

मराठींत हें काम आपण ‘जरी’वर, क्रियापदाच्या काळावर व बोलण्याच्या स्वरावर सोपवितों, कोरियन भाषा तें प्रत्ययावर सोपविते. म्हणून शिकणारांनीं प्रत्यय निवडण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा : सांगावयाची गोष्ट घडली आहे, कीं नुसती मनांत धरली आहे?