नकाशावरचे अंतर आणि घड्याळातले अंतर

पुणे आणि नाशिक ही दोन शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर वसलेली आहेत. लोहगावहून सरळ उत्तरेस सुमारे १७० किलोमीटर गेले की ओझरचा विमानतळ येतो. लहान पंखेवाले विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठते; त्रैराशिक मांडले तर हा प्रवास वीस मिनिटांचा ठरावा. वेळापत्रकात मात्र अशा मार्गास पाऊण तास धरावा लागतो. दोन्हीकडच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम, गंतव्य मात्र उत्तरेस किंवा दक्षिणेस. उड्डाण, वळण, चढ आणि लागलीच उतरण यांतच वेळ सरतो. पूर्ण वेगाने जाण्यास अवसर मिळतोच कोठे?

प्रवाशाचा हिशेब तर याहून निराळा असतो. कोथरूडच्या गृहस्थास लोहगाव गाठण्यास तास लागतो. विमान सुटण्यापूर्वी तासभर आधी हजर राहणे भाग. पुढे ओझर ते नाशिक सुमारे वीस किलोमीटर आहेत ते आहेतच. सामानासाठी थांबणे धरून बेरीज चार तासांच्या घरात जाते. सडकेने हेच अंतर सुमारे २१० किलोमीटर असून त्यास साडेचार-पाच तास पुरतात. (चाकणची कोंडी ज्याने सोसली आहे, तो हा आकडा उदार मानील.) वाचतो तो फार तर तासभर, आणि विमान रोज नसेल तर तोही नाही.

प्रादेशिक शहरे जोडण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली ‘उडान’ योजना आखली. सुमारे तासाभराच्या प्रवासास काही आसनांपुरते अडीच हजार रुपयांचे भाडे ठरले आणि येणारी तूट तीन वर्षे भरून देण्याची हमी मिळाली. या योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये पुणे-नाशिक मार्गावर छोट्या विमानांची सेवा सुरू झाली. ती टिकली नाही. तिचे खापर चालकांच्या माथी फोडणे सोपे आहे. परंतु मुळात या मार्गावर विकण्याजोगा वेळच थोडा होता.

याउलट कोल्हापूर-नागपूर पाहावे. हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. महाराष्ट्र एक्स्प्रेसला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ एक दिवस लागतो. उपराजधानीत न्यायालयाच्या किंवा अधिवेशनाच्या कामास जाणाऱ्या कोल्हापूरकराचे तेथे दोन दिवस वाचतात. विमानतळावरचा ठरीव तासभर दोन्ही मार्गांवर सारखाच; पण एकीकडे तो सारी बचत गिळतो, तर दुसरीकडे त्याची गणतीही होत नाही.

‘उडान’मधील साहाय्याची रक्कम मार्गाची लांबी आणि आसने यांवरून ठरते. घरापासून घरापर्यंत किती तास वाचले, हा प्रश्न त्या कोष्टकात नाही. वास्तविक ही रक्कम मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसविलेल्या अधिभारातून, म्हणजे अंती प्रवाशांच्याच खिशातून, उभी राहते. तेव्हा ती कोणत्या मार्गावर खर्च होते हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे.

पुणे-नाशिकचा प्रश्न यातून सुटत नाही, हेही खरे. या दोन शहरांत थेट लोहमार्ग अद्याप नाही. आखलेला मार्ग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीजवळून जात असल्यामुळे आखणी बदलण्याचा वाद उपस्थित झाला. तोवर आगगाडीने जाणाऱ्यास कल्याणचा किंवा मनमाडचा वळसा घ्यावाच लागतो, आणि बाकीचे एस.टी. स्थानकावर रांगेत उभे राहतात.