पळायचंय? मग पाणंदीला वळा!

दोस्तांनो, थंडी पडू लागली की गावोगावी पहाटे पळणारी मुलं दिसायला लागतात. कुणाची शाळेच्या स्पर्धेची तयारी असते, कुणाच्या दादाची पोलीस भरतीची. छानच! पण ही मंडळी पळतात कुठं? डांबरी रस्त्यावर, तेही अंधारात. आणि नेमक्या त्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही. भरतीसाठी पळणाऱ्या मुलांना गाडीनं उडवल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. म्हणून आज खुराक, बूट, घड्याळ सगळं बाजूला ठेवू. प्रश्न एकच : पळायचं कुठून?

उत्तर बऱ्याच जणांच्या घरामागेच असतं. शेताकडे जाणारी पाणंद, माळावरून वाडीला जाणारी गाडीवाट, गायरानातली पायवाट. आपला देशावरचा मुलूख लांबून सपाट दिसतो, पण तसा तो नाही. एक टेकाड चढावं, पलीकडे ओढ्यात उतरावं, की पुन्हा चढ. एस.टी.त बसून हे कळत नाही. डबलसीट सायकल हाणणाऱ्याला मात्र लगेच कळतं!

तुम्ही म्हणाल, चढउतारावर टायमिंग खराब येतं. येणारच! चढताना जेवढी जादा ताकद खर्च होते, तेवढी सगळी उतरताना परत मिळत नाही. म्हणून माळावरचे तीन किलोमीटर आणि मैदानावरचे तीन किलोमीटर यांची तुलनाच करू नका. माळावर घड्याळापेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. सोबत्याशी एखाद-दुसरं वाक्य बोलता येतंय ना, मग वेग बरोबर आहे. चढ आला की पावलं आखूड करा आणि कमरेतून वाकू नका. उतारावर मात्र सगळ्यांनाच भरधाव सुटायचा मोह होतो. तिथं टाच आपटत, ब्रेक मारल्यासारखं पळू नका. लहान लहान, भरभर पावलं टाका. उताराचा मार मांड्यांना बसतो आणि तो दुसऱ्या दिवशी जिना उतरताना समजतो.

या ओढ्या-बांधांवरच्या पळण्यातूनच एक ऑलिंपिक शर्यत जन्माला आली, हे ठाऊक आहे का? स्टीपलचेस. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच मनोरा. आयर्लंड-इंग्लंडमध्ये पूर्वी घोडेस्वार एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावत. वाटेत कुंपण येवो, दगडी गडगा येवो नाहीतर ओढा, उडी मारून पुढे जायचं. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १८५० मध्ये हीच गंमत घोड्याशिवाय, पायी केली. आज ती स्टेडियममध्ये होते. अंतर ३००० मीटर, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. म्हणजे त्यांचे बांध आणि ओढेच मैदानात आणून ठेवलेत म्हणा ना!

आता बघा, या शर्यतीत आपल्याकडचं कोण चमकलं? सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत पळाली होती. त्यानंतर ट्रॅकवरच्या शर्यतीत तिथवर जाणारी ललिता ही पहिलीच भारतीय महिला. आणि बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. त्याची शाळा घरापासून सहा किलोमीटरवर होती. पुढं तो सैन्यात गेला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसचं रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या विसाव्या भागानं! २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्णही आलं.

बरं, तुमची वाट मोजायची कशी? सायकल घ्या. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा, अंगणात तिथं खडूनं रेघ मारा आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली येईपर्यंत चाक सरळ फिरवत न्या. दोन रेघांमधलं अंतर टेपनं मोजा. समजा ते २ मीटर १० सेंटिमीटर भरलं, तर एक किलोमीटरला सुमारे ४७६ फेरे. एकानं सायकल हातात धरून चालायचं, दुसऱ्यानं फेरे मोजायचे. दर शंभराला खिशात एक चिंचोका टाका, म्हणजे भांडण नको. हसू नका, मोठमोठ्या मॅरेथॉनचे रस्तेसुद्धा सायकलनंच मोजतात! पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र लावतात, आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तच धरतात.

वाट गोल असली तर उत्तम. मोठा चढ सुरुवातीला येऊ द्या, घराकडे येताना उतार. मुरमाची वाट सगळ्यात चांगली. काळ्या रानात पाऊस पडला की बुटाला किलोभर चिखल लागतो, त्या दिवशी सुट्टी. बाभळीचे काटे असतात, तेव्हा अनवाणी पळण्याची हौस नको. कठडा नसलेली विहीर कुठं आहे ते दिवसाउजेडी बघून ठेवा. पिकातून वाट काढू नका. वस्तीवरचा कुत्रा अंगावर आला तर पळू नका, थांबा आणि हळूहळू चालत पुढे जा. पळणाऱ्याच्या मागे लागायची त्याला सवयच असते. आणि डांबरीवरून थोडं जावंच लागलं, तर उजव्या कडेनं जा, म्हणजे गाडी समोरून दिसते. अंगात पांढरा सदरा हवा.

आता दोन शब्द आईबाबांशी. मुलगी पहाटे एकटी माळावर नको, हे तुमचं म्हणणं पटतं. पण म्हणून तिनं पळायचंच नाही, हे काही पटत नाही. उजाडल्यावर जाऊ द्या, दोघी-तिघी मिळून जाऊ द्या. बाबा, तुम्ही सायकल घेऊन मागे राहिलात तर आणखी बरं. चिंचोके तुम्ही मोजा!

या रविवारी तुमची वाट मोजा आणि कागदावर नकाशा काढा. चढ कुठं, ओढा कुठं, कुत्रा कुठं, सगळं दाखवा आणि आम्हाला पाठवा. वाटेला नाव द्यायला विसरू नका.