पाना कोणाच्या हातात?

नवी मोटरसायकल घरी आली की आपल्याकडे काय काय होतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. हार, हळदकुंकू, टाकीवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पेढे, आणि मग गल्लीतून एक फेरी. मला हे सगळं मनापासून आवडतं, टिंगल करायला बसलेलो नाही. इथे क्योतोतही लोक नवी गाडी घेऊन देवळात जातात. ताकेदा स्टेशनजवळचं जोनांगू हे देवस्थान त्यासाठी प्रसिद्ध आहे. माझी तक्रार एवढीच, की आपल्या या यादीत पाना कुठेच नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणारे आपण लोक, पण घरात दहा-बाराचा पाना मागितला तर मिळेलच याची खात्री नाही!

हे आत्ता सुचायचं कारण म्हणजे नुकतीच घेतलेली मोटरसायकल. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्स. ही गाडी बनते आपल्या गुरुग्रामला. भारतात २०२२ साली आली तेव्हा किंमत होती दोन लाख अकरा हजारांच्या आसपास, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जपानमध्ये आली ती ५,६९,८०० येनला. इथल्या मानाने स्वस्तातली गाडी. पुढचं चाक १९ इंची, एक सिलिंडर, तेलाने थंड होणारं इंजिन, जमिनीपासून २०५ मिलिमीटर उंच. डांबरावरही चालते आणि कच्च्या रस्त्यावरही. (खरं सांगायचं तर चिखलात लोळायची ही गाडी नव्हे. चाकं तारांची नाहीत आणि एबीएस बंद करता येत नाही. पण हानासेच्या घाटातल्या खडबडीत रस्त्यांना पुरते.) भारतात बनलेली मोटरसायकल जपानमध्ये विकत घ्यायची, यात मला जी गंमत वाटली ती तुम्हाला वेगळी सांगायला नको. टीव्हीएस-सुझुकीच्या काळात तंत्रज्ञान तिकडून इकडे यायचं, आता गाडीच इकडून तिकडे जाते.

दुकानदाराने अंदाजपत्रक दिलं त्यात दोन रकमा वेगळ्या दाखवल्या होत्या. एक गाडी तयार करून देण्याची आणि दुसरी नोंदणी करून आणण्याची. पहिली मी ठेवली, दुसरी खोडायला सांगितली. इंजिन गार्ड, हातांवरचे गार्ड, मागचं कॅरिअर हे सगळं खोक्यांत बंद ठेवून तसंच पाठवा म्हटलं, मी बसवतो. दुकानदाराला काही आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते पुण्याच्या मित्रांना. "अरे, तिकडे पैसे वाचवायला असं करावं लागतं का?" वाचतात पैसे, नाही असं नाही. पण मुद्दा तो नाही.

आधी नोंदणीचं सांगतो, कारण ती ऐकून आरटीओत हेलपाटे घातलेल्या कोणाचाही विश्वास बसणार नाही. जपानमध्ये १२६ ते २५० सीसीच्या दुचाकीला सरकारी तपासणीच नाही. २५० च्या वर गेलात की 'शाकेन' नावाची तपासणी, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. २५० पर्यंत ती भानगड नाही. फुशिमी भागातल्या वाहतूक कार्यालयात जायचं, विक्रेत्याचं हस्तांतरपत्र, रहिवासाचा दाखला आणि सक्तीच्या विम्याचा कागद द्यायचा, एक फॉर्म भरायचा, वजनकर म्हणून ४,९०० येन भरायचे (तेही एकदाच, पुन्हा कधी नाही), आणि खिडकीतून नंबरप्लेट हातात! गाडी दाखवायला न्यायचीसुद्धा गरज नाही. प्लेट घरी आणून दोन बोल्टांनी आपण लावायची.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती उच्च सुरक्षा प्लेट आली, एकदा लावली की न निघणाऱ्या कुलपासह, आणि ती लावायची विक्रेत्याने. चोऱ्या लक्षात घेता ते बरोबरच असेल. पण फरक बघा. एका ठिकाणी सरकार गाडीच्या मालकाला सांगतं, हे घे आणि नीट लाव. दुसऱ्या ठिकाणी सांगतं, तू हात लावू नकोस.

आणि हे जपानी सरकारचं औदार्य आहे असंही कोणी समजू नये. १९५१ सालच्या इथल्या वाहन कायद्याचं ४७ वं कलम म्हणतं, की गाडी तपासून सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. कंपनीची नाही, दुकानदाराची नाही, वापरणाऱ्याची. शाकेन लागो न लागो. म्हणून इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवण्याच्या आधी पडलेली गाडी उचलायला शिकवतात आणि एक मंत्र पाठ करून घेतात: नेन-ओ-शा-ची-ए-बु-कु-तो-बा-शिमे. इंधन, ऑइल, चाकं, चेन, इंजिन, ब्रेक, क्लच, दिवे, बॅटरी (काही जण इथे आरसेही धरतात) आणि शेवटी 'शिमे', म्हणजे नटबोल्ट घट्ट आहेत का. आपल्या रामरक्षेसारखा तोंडात बसतो. (जाता जाता: क्योतोचं लायसन्स परीक्षा केंद्र ज्या भागात आहे त्याचं नाव हाझुकाशी. जपानीत 'हाझुकाशी' म्हटलं की लाज वाटण्याचा शब्द आठवतो. नापास होऊन परतणाऱ्यांसाठी याहून समर्पक पत्ता शोधून सापडणार नाही.)

तर गाडी एका शनिवारी छोट्या ट्रकमधून आली. आमचं घर जुन्या धाटणीच्या गल्लीत, दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाने थांबावं इतकी रुंद. म्हणून आदल्या दिवशी शेजारी जाऊन, उद्या जरा खडखडाट होईल, असं सांगून आलो. क्योतोत हे करावंच लागतं. इथे कोणी तुम्हाला आवाज होतो असं म्हणणार नाही, तुमच्या उत्साहाचं कौतुक करेल. ते कौतुक ऐकायची वेळ येऊ नये एवढं बघायचं.

आता प्रत्यक्ष काम. पहिला नियम असा, की एखादा भाग चार बोल्टांवर बसत असेल तर चारही आधी हाताने, बोटांनी, दोन-तीन आटे फिरवून घ्यायचे आणि मगच पाना लावायचा. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात की चौथ्याचं भोक कधीच समोर येत नाही. मग माणूस जोर लावतो, बोल्ट तिरका शिरतो आणि आटे जातात. बोल्ट पोलादाचा, इंजिनचा भाग अॅल्युमिनियमचा. भांडणात कोण हरणार ते ठरलेलं.

दुसरी गोष्ट टॉर्क. आपल्याकडे 'फुल टाइट' हा कौतुकाचा शब्द आहे. बोल्ट मात्र स्प्रिंगसारखा असतो. ठरावीक ताणापर्यंत तो दोन भाग धरून ठेवतो, त्यापुढे कायमचा लांबतो आणि मग धरत नाही. हा ताण मोजायला टॉर्क रेंच असतो. आकडा न्यूटन-मीटरमध्ये. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो टांगलेत की जवळजवळ शंभर न्यूटन-मीटर झाले. कुठल्या बोल्टला किती, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. माझा रेंच केटीसीचा आहे. ही कंपनी क्योतोचीच, १९५० साली स्थापन झालेली, इथून दक्षिणेला कुमियामा गावात. गावात पाने बनतात आणि आपण दुसऱ्याकडून बोल्ट आवळून घ्यायचे, हे मला तरी पटेना.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, चेन. आपल्याकडे चेन जरा वाजली की गिऱ्हाईक म्हणतं, "टाइट करून दे रे." आणि पोऱ्या करून देतो, गिऱ्हाईक खूश. आता बघा, मागचं चाक ज्या दांड्यावर आहे तो दांडा खड्ड्यात वरखाली होतो. पुढचं दातेरी चाक, दांड्याची खीळ आणि मागचा आस एका रेषेत आले की दोन दातेरी चाकांमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. उभ्या गाडीची चेन छान ताठ दिसत असेल, तर मागे माणूस बसून गाडी खड्ड्यात गेली की त्या क्षणी चेनला जायला जागाच उरत नाही. तो झटका गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. ढिली चेन निदान आवाज करून सांगते. ताठ चेन काही न बोलता बेअरिंग खाते. माझ्या मागे बायको बसणार, आणि पुढे घाट. तेव्हा स्टिकरवर लिहिलेला ढिलेपणा पट्टीने मोजून, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून, चाक फिरवत तीन ठिकाणी तपासूनच मी उठलो.

बाकीचं भराभर झालं. लिव्हर मनगट सरळ राहील इतक्या खाली घेतले, आरसे बसवले, मागच्या शॉकचा ताण आमच्या दोघांच्या वजनाला वाढवला, हवा थंड टायरमध्ये मोजली. (टायर एमआरएफचे. क्योतोच्या गल्लीत बसून मद्रासच्या रबरात हवा भरताना बरं वाटतं.) आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टावर पांढऱ्या मार्करने एक रेघ, अर्धी बोल्टावर आणि अर्धी बाजूच्या धातूवर. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. इथल्या कारखान्यांत ही पद्धत सर्रास दिसते, खर्च शून्य.

मधेच शेजारचे आजोबा येऊन उभे राहिले. निशिजिनमध्ये मागावर आयुष्य काढलेले. "इंदो-सेइ?" म्हणजे भारतात बनलेली का? हो म्हटलं. खाली बसून त्यांनी फ्रेमचे सांधे बराच वेळ पाहिले. चांगलं-वाईट काही बोलले नाहीत. मग मार्करची एक रेघ राहिलेला बोल्ट बोटाने दाखवला आणि गेले. मला ते प्रशस्तिपत्रासारखं वाटलं.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "अरे, पुण्यात असतो तर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दोनशे रुपयांत करून दिलं असतं, आणि त्याचं पोटही भरलं असतं." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे हात स्वस्त आहेत आणि त्या हातांना काम हवं आहे, हे खरंच. पण ते स्वस्त का आहेत? ते काम काय आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊकच नाही, म्हणून. चेन मोजून लावणारा आणि अंदाजाने आवळणारा, दोघांना आपण तेवढेच पैसे देतो, वर त्यातले वीस कमी कर म्हणतो. स्वतः एकदा तासभर उकिडवं बसून चेन लावलेला माणूस पहिल्याला शोधत जाईल आणि घासाघीस करणार नाही. चांगल्या मेकॅनिकला जाणत्या गिऱ्हाइकाइतकं हवंहवंसं दुसरं काही नसतं.

दुसरा आक्षेप, की आता गाड्या इलेक्ट्रॉनिक झाल्या, घरी काय करणार? एबीएस आणि इंधनाचं इंजेक्शन यांना हात लावू नकाच. पण चेन, टायर, ब्रेकचे पॅड आणि नटबोल्ट आहेत तिथेच आहेत. आपल्या वडिलांची पिढी हे जाणत होती. चेतक तिरकी करून सुरू करणं, रस्त्याच्या कडेला प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं, क्लचची तुटलेली केबल बदलणं, हे बँकेतले कारकूनही करायचे. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये कानस घेऊन तो चौकोनी 'जॉब' घासलेले आम्ही मात्र हात काळे झाले की कमीपणा मानायला लागलो. हात काळे करणारा तो खालचा, हे आपल्याकडे फार जुनं आहे, आणि कुठून आलं ते तुम्हालाही माहीत आहे. गाड्या नव्या होत गेल्या, हे मात्र गेलं नाही.

अमेरिकेत चिनी बनावटीच्या अडीचशे सीसीच्या गाड्या थेट घरी येतात, लोखंडी पिंजऱ्यात, हँडल आणि पुढचं चाक वेगळं. तिथले जुनेजाणते सांगतात, जोडायच्या आधी प्रत्येक बोल्ट सोडवून पुन्हा नीट आवळ, आणि कारखान्यातून आलेलं ऑइल ओतून दे. इतकं टोक गाठा असं मी म्हणत नाही. भारतातल्या विक्रेत्यांकडून माझी मागणी अगदी साधी आहे. किल्ली देतानाचा फोटो काढून झाला की गिऱ्हाइकाला अर्धा तास बसवा, चेनचा ढिलेपणा त्याच्या हाताने मोजायला लावा, आणि सीटखालच्या पिशवीतली हत्यारं एकदा बाहेर काढून दाखवा.

पुण्याच्या ज्या मित्राने पैसे वाचवण्यावरून विचारलं होतं, त्याने आता स्वतः एक्सपल्स घेतली आहे आणि काय काय हत्यारं घेऊ म्हणून विचारतोय. हवा मोजायचा गेज, मध्यम मापाचा टॉर्क रेंच, स्टीलची सहा इंची पट्टी, पांढरा मार्कर. दसऱ्याच्या आत घे म्हटलं, म्हणजे पूजेलाही होतील. माझ्या गाडीचे शंभर किलोमीटर काल पूर्ण झाले. एक सोडून सगळ्या रेघा जागेवर आहेत. कॅरिअरच्या डाव्या मागच्या बोल्टाची अर्धा मिलिमीटर सरकली आहे, तो आज संध्याकाळी पुन्हा बघायचा आहे.