‘डायनॅमिक’ उमेदवारांची गर्दी

लिंक्डइनने २०१० मध्ये सभासदांच्या प्रोफाइलमधल्या वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दांची यादी काढली, तेव्हा भारतात ‘डायनॅमिक’ पहिल्या क्रमांकावर होता. शब्द बदलत गेले, खोड तीच राहिली. ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’, ‘रिझल्ट ओरिएंटेड’ यांत खोटं काही नसतं. पण ‘मी आळशी आहे’ असं कुणीच लिहीत नसल्याने अशा विशेषणांनी एक अर्ज दुसऱ्यापासून वेगळा होत नाही. नुकसान होतं ते ज्याला खरोखर काम येतं त्याचं. आयटीआयमधून टर्नर ट्रेड केलेल्या मुलीने लेथवर कोणते जॉब केले, मायक्रोमीटरने किती बारीक माप धरलं, हे तिच्या बायोडेटात शोधूनही सापडत नाही. ती जागा ‘हार्डवर्किंग’ने खाल्लेली असते.

यावर हमखास सांगितलं जातं, की आता अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं, म्हणून शब्द पेरावेच लागतात. हे अर्धंच खरं आहे. सॉफ्टवेअर प्रामुख्याने जाहिरातीत मागितलेली कौशल्यं जुळवतं: टॅली, ऑटोकॅड, सीएनसी. ती नावं जरूर लिहावीत. ‘फ्रेशरकडे लिहायला असतं काय?’ हा आक्षेप अधिक मनाला लागणारा. पण गणेश मंडळाचा जमाखर्च पावत्यांसकट सांभाळणं हाही अनुभवच, आणि तो दोन ओळींत मावतो. दोष एकट्या उमेदवारांचा मात्र नाही. ‘डायनॅमिक तरुण पाहिजेत’ अशी जाहिरात देऊन पगार, पाळी आणि कामाचं स्वरूप गुलदस्त्यात ठेवणाऱ्या कंपन्यांकडूनच मुलं ही भाषा उचलतात; सुधारणा त्यांनी आपल्या जाहिरातींपासून सुरू करावी.