डबा हवाबंद, दाणे ओले



दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझी भिशी लागली आणि मी चंद्रपूरहून सहा हवाबंद डब्यांचा संच घेऊन आले. पारदर्शक डबे, चारही बाजूंनी खटके लागणारी झाकणे, झाकणात पांढरी रबरी रिंग. तोवर आमच्या जिवतीच्या स्वयंपाकघरात पत्र्याची कोठी, स्टीलचे डबे आणि तेलाचे धुऊन ठेवलेले पत्र्याचे डबे असाच संसार होता. त्याच आठवड्यात नांदेडकडच्या माझ्या नणंदेने घरच्या शेतातल्या उन्हाळी भुईमुगाच्या शेंगांचे पोते पाठवले. पारदर्शक डब्यात शेंगा कशा शोभणार? दाणेच हवेत. दोन रविवार सगळ्यांनी बसून शेंगा फोडल्या. तोवर पाऊस लागला. आमचे गाव माणिकगडच्या डोंगरावर. इथे झड लागली की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. एका दुपारी दोन तास ऊन पडले, मी दाणे अंगणात पसरले, हाताला गरम लागले तसे उचलून दोन मोठ्या डब्यांत भरले आणि खटके लावले. अकरा किलो दाणे. फळीवर फार सुंदर दिसत होते.

ऑगस्टमध्ये चटणीसाठी डबा उघडला तर कोंदट वास आला. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब, आणि कडेच्या दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी. दुसऱ्या डब्याचीही तीच गत.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "धोके धूप दिखाओ, भूनने के बाद कुछ नहीं होता." त्यांचे चुकत होते असे म्हणायला माझी जीभ वळेना. १९७२ चा दुष्काळ त्यांनी लहानपणी मराठवाड्यात पाहिलेला. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे अकरा किलो दाणे फेकणार कशी? शिवाय लेकीच्या शेतातले. इस्राफ तो इस्राफ.

पण बुरशी लागलेल्या भुईमुगाची गोष्ट वेगळी आहे. त्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते डोळ्यांना दिसत नाही, धुऊन किंवा भाजून पुरते जात नाही, आणि यकृतावर घाला घालते. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसाने मका भिजला. गरीब आदिवासी कुटुंबांकडे दुसरे धान्य नव्हते, त्यांनी बुरशी आलेला तोच मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरले, शंभरावर माणसे दगावली. त्या घरांतले कुत्रेही तसेच आजारी पडले. मी हे अम्मींना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग कोंबड्यांना घाल." तेही करता येत नव्हते. हे विष मुळात सापडले तेच पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची बुरशी लागलेली पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध सुरू झाला.

राहिला प्रश्न कुणाला देऊन टाकायचा. तो मात्र अम्मींनीच निकाली काढला. जे आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ते दुसऱ्याला देण्याचा विचारही करू नका, असे सूरह बकरामध्ये सांगितले आहे, याची आठवण त्यांनीच मला करून दिली. शेवटी परसात खड्डा करून दाणे पुरले. संध्याकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "छिलके में थे तब तक सलामत थे ना?"

त्यांना सूरह यूसुफ आठवत होती. सात वर्षे सुकाळ आणि सात वर्षे दुष्काळ येणार, तेव्हा पिकवाल ते कणसातच राहू द्या, फक्त खाण्यापुरते थोडे काढा, असा सल्ला हजरत यूसुफ (अ.) यांनी दिला होता. मी ही सूरह किती वेळा वाचली असेल, पण स्वयंपाकघरात उभे राहून वाचली नव्हती. त्या सल्ल्यात दोन गोष्टी आहेत. साठवायचे ते त्याच्या सालीत ठेवा, आणि साठवणीचे व रोजच्या खाण्याचे वेगळे करा. गडचिरोलीकडचे शेतकरी धान तसाच ढोलीत ठेवतात आणि लागेल तेवढाच भरडून आणतात, तेही हेच. मी उलट केले होते. अल्लाहने दिलेले टरफल फोडून मी दाणे प्लास्टिकमध्ये कोंडले होते. (तूर मात्र याला अपवाद. तुरीवरचा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, डाळीला त्याचा त्रास कमी. म्हणून आपल्याकडे तूर भरडून डाळ ठेवायची रीत आहे.)

आता डब्याकडे वळू. हवाबंद डबा बाहेरचे आत येऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. पण आतलेही तो बाहेर जाऊ देत नाही, हे आपण विसरतो. दाण्यात ओल असेल तर ती आतच राहते. दाणे गरम भरले तर रात्री डबा थंड झाल्यावर तीच ओल थेंब होऊन झाकणाला लागते आणि पुन्हा दाण्यांवर गळते. माझे झाले ते हेच. दोन तासांच्या उन्हाने दाणे वरून तापले होते, आतून वाळले नव्हते. वाळवण चांगले दोन-तीन कडक उन्हे खाऊ द्यावे आणि घरात पसरून पूर्ण थंड झाल्यावरच भरावे.

ओल ओळखायला आम्ही शाळेत मुलांना एक प्रयोग दाखवतो. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे कोरडे मीठ आणि मूठभर धान्य घालून चांगले हलवायचे आणि पंधरा मिनिटे ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. साठवणीच्या गव्हात ती १२ टक्क्यांच्या आसपास हवी, भुईमुगाच्या दाण्यात ७-८ टक्केच. म्हणजे मीठ चिकटले तर भरूच नका. नाही चिकटले तरी दाणा दाताखाली कट्‌कन तुटतो का पाहा. बाजारात घेतानाही ढिगाच्या वरचे पाहून भुलू नका. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली होती, आणि ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. आठवडी बाजारात मी आता कोपरापर्यंत हात घालते. दुकानदार हसतात, हसू देत.

किड्यांचे गणितही समजून घ्यायला हवे. सोंडे, भुंगे बहुधा बाहेरून डब्यात शिरत नाहीत. त्यांची अंडी शेतातून किंवा गोदामातून दाण्याबरोबरच येतात. डबा खरोखर हवाबंद असेल आणि काठोकाठ भरला असेल, तर आतले किडे उरलेला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मग गुदमरतात. पेल्याखाली मेणबत्ती विझते तसेच. याच तत्त्वावर अमेरिकेच्या परड्यू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळी साठवायला तिपदरी पिशवी तयार केली. आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेले पोते, आणि औषध काहीच नाही. पण ती पिशवी बांधली की काही आठवडे उघडायची नसते. आपण तर वीस किलोचा डबा रोज सकाळी उघडतो आणि रोज ताजी हवा देतो. किड्यांना आणखी काय हवे?

म्हणून मोठा डबा घेण्याआधी मनात दोन भाग करा. महिनोन्‌महिने उघडायचे नाही ते एकीकडे, रोजचे दुसरीकडे. रोजचा डबा दहा-पंधरा दिवसांत रिकामा होईल एवढाच असावा. मापातही फसगत होते. डब्यावर लिटर लिहिलेले असते, आपण किलो समजतो. १० लिटरच्या डब्यात गहू साडेसात-आठ किलोच मावतो, पीठ तर पाच-सहा किलो. रेशनचे धान्य माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे पाच माणसांच्या घरी २५ किलो. त्याला शोभेचा संच पुरणार नाही. त्याला घट्ट झाकणाची कोठीच बरी. (रेशनच्या तांदळात काही दाणे जरा वेगळे दिसले, तर ते प्लास्टिकचे म्हणून निवडून फेकू नका. लोह आणि जीवनसत्त्वे मिसळून तांदळाच्याच पिठापासून केलेले ते दाणे असतात, शंभर किलोत एक किलो.)

डबा निवडताना सगळी परीक्षा झाकणाची. खटके किती आहेत यापेक्षा रिंग चारही बाजूंनी सारखी दाबली जाते का ते बघा. रिंग सुटी निघणारी हवी. तिच्या खाचेत पीठ साचते आणि तिथेच किड्यांचे घर होते. दर वेळी रिंग काढून धुवावी आणि पूर्ण वाळवून बसवावी. घरी आणल्यावर रिकामा डबा बंद करून पाण्याच्या बादलीत दाबून धरा, बुडबुडे आले तर हवा जाते आहे. याहून सोपी परीक्षा पापडाची. भाजलेला पापड डब्यात बंद करून पावसाळी हवेत दोन दिवस ठेवायचा. कुरकुरीत राहिला तर डबा पास, लोळागोळा झाला तर नापास.

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी पेला आणि काटा असे चिन्ह असते, म्हणजे तो खाद्यपदार्थांसाठी आहे. त्रिकोणातला ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. रोजच्या वापराला चांगले, थोडी उष्णताही सोसते. १ आकड्याच्या, पाण्याच्या बाटलीसारख्या पातळ बरण्यांत गरम काही घालू नये. तिखट, हळद, गरम मसाला काचेतच ठेवावा, प्लास्टिक रंग आणि वास धरून ठेवते. लोणचे काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत. स्टील टिकाऊ आणि उंदराला न जुमानणारे, पण साध्या स्टीलच्या डब्याचे झाकण हवाबंद नसते. शेवया, पापड, बिस्किटे त्यात पावसाळ्यात सादळतातच. चारोळी आणि अक्रोड तेलकट, हवा लागली की खवट होतात, त्यांना लहान हवाबंद बरणी हवी.

कांदे, बटाटे, लसूण यांना मात्र हवाच लागते. त्यांना आमच्याकडे कोलाम बायका विकायला आणतात ती बांबूची टोपली कुठल्याही डब्याहून सरस. गरम चपात्याही बंद करू नयेत, घाम सुटतो. बकरी ईदचे गोश्त फ्रीझरमध्ये ठेवताना खोल डबा गच्च भरू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ डब्यात थोडे थोडे ठेवा.

एक गोष्ट कळवळून सांगते. आमचा भाग कापसाचा. फवारणीचे रिकामे कॅन घट्ट झाकणाचे असतात म्हणून धुऊन त्यात डाळ किंवा तेल ठेवलेले मी पाहिले आहे. ते कितीही धुतले तरी विषारीच. तसेच कोठीत टाकायच्या कीडनाशक गोळ्या. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू झोपेत जीव घेतो, आणि आपल्या लहान घरांत कोठी आणि अंथरूण एकाच खोलीत असते. त्याऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, डाळीला एरंडेल चोळा. एरंडेलाने भुंग्याची अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत.

यंदाही नणंदेकडून शेंगा आल्या. चांगली तीन उन्हे दिली, रात्रभर पसरून ठेवल्या आणि टरफलासकट कोठीत भरल्या. अम्मी दर शुक्रवारी आठवड्यापुरत्या काढून देतात, मुले फोडतात. माझ्या सहा डब्यांपैकी चार पापडाच्या परीक्षेत पास झाले. एकात रवा, एकात पोहे, एकात खजूर, आणि चौथ्यात अम्मींच्या हातच्या, ईदसाठी राखलेल्या शेवया. नापास झालेल्या दोघांपैकी एकात शिलाईचे सामान आहे, आणि दुसरा मी शाळेत नेला. त्यात खडू ठेवते.