यादीत नसलेलं गिऱ्हाईक

पुण्याच्या पश्चिमेला गेल्या पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या एका उपनगरातला मजूर अड्डा उठवावा, अशी मागणी करणारं टिपण सध्या तिथल्या सोसायट्यांतून सह्यांसाठी फिरतं आहे. टिपणकार गृहस्थ व्यवस्थापनाच्या क्षेत्रातले असावेत, कारण टिपणाला रंगीत तक्ता आहे. तक्त्याचं नाव 'वादातील संबंधित घटक'. घटक तीन : रहिवासी, दुकानदार, महापालिका. मजूर कुठे गेले म्हणून शोधलं, तर ते पुढच्या पानावरच्या तक्त्यात सापडले. त्या तक्त्याचं नाव 'उपद्रव'. त्यात मजुरांच्या वर भटकी कुत्री आहेत आणि खाली राडारोडा.

टिपणकारांचं म्हणणं थोडक्यात असं. सकाळी सात ते दहा चौकात माणसांची झुंबड असते. वाहतूक अडते. ही माणसं आडोशाला लघवी करतात. बायकामुलींना तिथून जाणं नकोसं होतं. ती इथली नाहीत, इथे त्यांचं मत नाही, ती कर भरत नाहीत आणि त्यांना इथे कोणी बोलावलेलं नाही. तेव्हा अड्डा बाह्यवळण रस्त्यापलीकडे न्यावा आणि चौकात बाग करावी. बागेचं चित्रही जोडलं आहे, त्यात कारंजं आहे. मार्च लागला की टँकरची वाट बघणाऱ्या उपनगरात कारंजं!

किरकोळ मुद्दे आधी संपवू. मत नाही म्हणून संबंध नाही, हा नियम लावला तर सोसायट्यांतले निम्मे भाडेकरू यादीतून उडतील. कर भरत नाहीत हे खोटं आहे, साबणाच्या वडीवर आणि मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी मजुरालाही चुकत नाही. लघवीवरचा इलाज मुतारी हा आहे, हद्दपारी नव्हे. बायकांच्या सुरक्षेची काळजी असेल तर अड्ड्यावर घमेलं घेऊन उभ्या असलेल्या बायकांना आधी विचारा की त्यांना भीती कोणाची वाटते. टिपणकारांच्या मोजणीत त्या 'बायकामुली' या सदरात आलेल्याच नाहीत. आणि 'इथली नाहीत' याचं उत्तर राज्यघटनेच्या १९व्या कलमात आहे. देशात कुठेही फिरावं, राहावं, धंदा करावा असं ते सांगतं, आणि त्यात सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची अट नाही.

आता मुख्य मुद्दा. 'त्यांना कोणी बोलावलं?' असं टिपणकार विचारतात.

तुम्ही बोलावलंत. अगदी सोसायटीच्या नावानिशी सांगता येईल, पण तो मोह आवरतो. अड्ड्यावर माणूस हवा खायला उभा राहत नाही. कामासाठी माणूस हवा असलेली गाडी तिथे थांबते म्हणून तो उभा राहतो. चौकात वाहतूक अडते ती उभ्या माणसांनी नव्हे, त्यांच्यासाठी मध्येच थांबलेल्या दुचाकींनी, मोटारींनी आणि टेम्पोंनी. काच खाली होते, 'ए, बिगारी आहे का?' असा पुकारा होतो, आठ-दहा माणसं गाडीभोवती गोळा होतात, मागचा हॉर्न वाजवतो. तो हॉर्न वाजवणारा संध्याकाळी टिपणावर सही करतो, आणि पुढच्या रविवारी बाथरूमची फरशी फोडायची असली की त्याच चौकात तोच काच खाली करतो. टिपणकारांच्या यादीत हा माणूस नाही. खरं तर तो आहे, पण एकाच वेषात, तक्रारदाराच्या. गिऱ्हाईक म्हणून त्याचं नाव कुठेच नाही.

सगळा वाद इथेच फिरतो, म्हणून जरा थांबतो. पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोण करतं? दिवाळीच्या तोंडावर रंग कोण देतं? भाडेकरू बदलला की मोरी फोडणं, फरशी घासणं, जुनं लोखंडी कपाट चार मजले खाली उतरवणं ही कामं कोणत्या कंपनीकडे जातात? एखाद्या दिवसाच्या कामाला कोणी ठेकेदार येत नाही. अड्डा याच कामांवर चालतो. बाकीची माणसं ठेकेदारांचे मुकादम उचलून नेतात, त्याच टॉवरांसाठी, ज्यांच्या फ्लॅटांचा भाव अड्ड्यामुळे पडतो अशी टिपणकारांना भीती आहे. ज्या हातांनी स्लॅब पडला ते हात दिसले की फ्लॅट स्वस्त होतो, हे अर्थशास्त्र मला कळत नाही.

मग हजेरीची घासाघीस. काच खाली करणारा माणूस मॉलमध्ये छापील किमतीत एक रुपया कमी करून मागत नाही. अड्ड्यावर मात्र तो मिस्तरीची हजेरी पाडून मागतो आणि बिगारी फुकटात मिळाला तर बघतो. 'दुपारपर्यंतचंच काम आहे' म्हणून नेतो आणि दिवे लागेपर्यंत राबवतो. संध्याकाळी सुटे नसतात. 'उद्या ये.' मुकादमाने नेलं असेल, तर उद्या त्याचा फोन बंद असतो. मजूर तक्रार करायला गेला तर पहिला प्रश्न येतो की लेखी काय आहे. लेखी काहीच नसतं. ज्याच्याकडे काम केलं त्याचं नाव मजुराला ठाऊक नसतं, फार तर गाडीचा रंग आठवतो. शिडीवरून पडून हात मोडला तर घरमालक रिक्षाचं भाडं देऊन सरकारी दवाखान्याच्या दारात सोडतो आणि त्यालाच औदार्य समजतो.

कायद्यानेही या गिऱ्हाइकाची चांगली बडदास्त ठेवली आहे. बांधकाम मजुरांचा कायदा १९९६ सालचा. त्यात स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम काढणारा घरमालक वगळलेला होता. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा ५० लाखांवर गेली. म्हणजे अड्ड्यावरचं सर्वांत नेहमीचं गिऱ्हाईक कायद्याच्या हिशेबी मालकच नाही. दुसरीकडे कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ९० दिवसांत ६० घरांत काम केलेल्या माणसाने तो कोणाकडून आणायचा? पालिकेच्या अधिकाऱ्याची सही चालते, पण त्याने ती काय बघून करायची? आणि एखाद्या घरमालकाकडे कागद पुढे केला तर 'मी कशाला यात पडू?' हे उत्तर ठरलेलं. गंमत अशी की बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर या मजुरांच्या कल्याणासाठी घेतला जातो, तो टिपणकारांच्या टॉवरवरही लागलाच असणार. पैसा मजुरांच्या नावाने गोळा होतो आणि दाखल्यावाचून त्यांच्या हाती लागत नाही. हे टिपणात नाही. कारंजं आहे.

टिपणकारांना परदेशचे दाखले आवडतात. प्रगत देशांत असे अड्डे नसतात, असं ते ठणकावून सांगतात. असतात. अमेरिकेत घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानांबाहेर, पेट्रोल पंपांपाशी रोज सकाळी असेच अड्डे भरतात. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली माणसं तिथे उभी असतात आणि तिथल्या सोसायट्याही अशाच टिपणांवर सह्या करतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या देशव्यापी पाहणीत असं निघालं की या मजुरांना कामावर नेणाऱ्यांत ४९ टक्के घरमालक वा भाडेकरू आहेत आणि ४३ टक्के ठेकेदार. निम्म्या मजुरांची मजुरी मागच्या दोन महिन्यांत एकदा तरी बुडवली गेली होती. वॉशिंग्टनजवळच्या हर्नडन नावाच्या गावात २००५च्या डिसेंबरात मजुरांसाठी रीतसर केंद्र उघडलं. त्यावरून रण पेटलं, २००६च्या मे महिन्यात केंद्राच्या बाजूचा महापौर पडला, आणि २००७च्या सप्टेंबरात केंद्र बंद झालं. मजूर परत रस्त्यावर आले. येणारच होते. गिऱ्हाईक कुठे गेलं होतं?

'बाहेरच्यांचा लोंढा' हा सूर तर इतका जुना आहे की तो ऐकून जांभई येते. आज जे स्वतःला अस्सल म्हणवतात त्यांच्या आजोबांविषयी मुंबईत हेच बोललं गेलं. गिरणगाव कोणी वसवलं? कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी. पहाटे गिरणीच्या फाटकावर बदली कामगार उभे राहत आणि जॉबर त्यातून माणसं निवडत असे. जो त्याला दस्तुरी द्यायचा तो आत, बाकीचे घरी. हा अड्डा नव्हे तर काय? पुढे कधी दक्षिणेकडच्या कारकुनांवर रोख वळला, कधी उत्तरेकडच्या टॅक्सीवाल्यांवर. दर खेपेला सांगितलं गेलं की आता मात्र शहर फुटेल. शहर फुटलं नाही, फक्त भाडी वाढली. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून माणसं शहरांकडे निघाली ती थांबलेली नाहीत. ऊसतोडीचा पट्टा पडला की लातूर-बीडची कुटुंबं आजही या अड्ड्यांवर दिसतात. ती मराठीच बोलतात, पण टिपणकारांना तीही 'बाहेरची' वाटतात. मग बाहेर म्हणजे नक्की कुठून सुरू होतं? बहुधा सोसायटीच्या फाटकापासून.

एक गोष्ट मात्र टिपणकारांच्या विरोधकांनाही ऐकवायला हवी. 'मजूर' हा एकच घटक आहे, असं समजून एखाद्या पुढाऱ्याला त्यांच्या वतीने बोलायला उभं करणं हीही तितकीच बनवाबनवी आहे. अड्ड्यावर मराठवाड्यातला बिगारी आहे, कर्नाटकातून आलेली लमाण कुटुंबं आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचा रंगारी आहे, बंगालचा फरशीवाला आहे. मिस्तरी आणि बिगारी यांचं हित एक नाही. नवा आलेला कमी हजेरीवर जातो तेव्हा जुन्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो राग खरा आहे. तो खोटा ठरवून एकोप्याची भाषणं ठोकू नयेत. बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी धरली जाते. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, आणि हजेरी कमी धरणाऱ्यांत मजुरांचे मुकादमही आहेत. पत्र्याची खोली भाड्याने देणारा जागामालक, चहाची गाडी, घमेली-फावडी भाड्याने देणारा दुकानदार, अड्डा हलला तर यांचीही चूल हलते. टिपणकारांचे 'दुकानदार' म्हणजे मिठाईवाले आणि मोबाइलवाले.

मग करायचं काय? मला फार मोठी योजना सुचलेली नाही, आणि सुचली असती तरी तक्ता काढला नसता. पण वाट अनोळखी नाही. फेरीवाल्यांच्या २०१४च्या कायद्यात नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांनाच आहेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांना. त्या समित्या किती ठिकाणी नीट चालतात हा वेगळा प्रश्न, पण ज्याच्या पोटावर निर्णय होतो त्याला खुर्ची मिळावी, हे तत्त्व तिथे मान्य झालं. अड्ड्यासाठी तशीच समिती व्हावी. माथाडी कायदा तर आपलाच, १९६९चा. ज्यांचा मालक रोज बदलतो अशा हमालांसाठी सरकार, मालक आणि कामगार यांचं मंडळ या राज्याने तेव्हाच बनवलं. मालकांची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत जाऊ लागली. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे निपजले हे खरं, म्हणून कायद्यामागची कल्पना खोटी ठरत नाही. अड्ड्यावर पत्र्याची शेड, पाणी, बायकांसाठी वेगळी मुतारी, हजेरीचा फलक आणि माणूस नेणाऱ्याचं नाव, पत्ता, गाडीचा नंबर लिहून घेणारी वही. बागेला लागेल त्यापेक्षा खर्च कमी येईल. वहीला विरोध कोणाचा होईल हे मी सांगायला नको.

यादीत पहिलं नाव मजुराचं असावं, दुसरं गिऱ्हाइकाचं. वाहतूक पोलीस, पालिका, दुकानदार, तक्रारदार रहिवासी यांनी त्यामागून यावं. जे टिपणावर सही करणार आहेत त्यांनी सहीआधी आठवून बघावं, गेल्या वर्षात अड्ड्यावरून किती माणसं आणली आणि त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव ठाऊक आहे का.

आणि टिपणकारांना एक विनंती. या विषयावरची सभा तुम्ही रविवारी सकाळी आठला ठेवली आहे. ती मजुराच्या रोजगाराची वेळ आहे, तेव्हा तो येणार नाही आणि 'बोलावलं तरी आले नाहीत' असं तुम्हाला इतिवृत्तात लिहिता येईल. पुष्कळ गवंडी-मिस्तरी अमावस्येला काम धरत नाहीत. सभा अमावस्येला संध्याकाळी ठेवा, अड्ड्यावरच ठेवा, आणि येताना तुमच्या बाथरूमची फरशी ज्याने बसवली त्यालाही बरोबर आणा.