गोणीचा हिशेब आणि मुळांचा हिशेब

दरवर्षी मृगाच्या आसपास खतांची चर्चा सुरू होते आणि ती ठरलेल्या चाकोरीतून जाते. युरियाचा साठा किती, रेल्वेच्या वाघिणी वेळेवर लागल्या की नाहीत, काळाबाजार कोण करतो, अनुदानाचा बोजा किती वाढला, या प्रश्नांवर विधिमंडळापासून तालुक्याच्या बाजारापर्यंत वाद झडतात. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु या साऱ्या गदारोळात एकाची साक्ष कधीच घेतली जात नाही. ज्याच्यासाठी हे खत आणावयाचे त्या पिकाची! पीक जमिनीतून अन्न कसे घेते याचा विचार न करता आखलेले खतधोरण गोणीचा हिशेब चोख ठेवील. मुळांचा हिशेब मात्र चुकवील. गेल्या तीन दशकांत नेमके हेच घडले आहे.

वनस्पती माती खाते, ही समजूत फार जुनी. व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने दोनशे पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले व पाच वर्षे त्यास केवळ पाणी घातले. झाडाचे वजन एकशे एकोणसत्तर पौंड भरले. माती मात्र अवघी दोन औंस घटली. १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून झाड पाण्याचेच बनते असा निष्कर्ष त्याने काढला. झाडाच्या शरीरातील कर्ब हवेतून येतो, हे कळावयास आणखी दीडशे वर्षे जावी लागली. ते कळल्यावरही त्या दोन औंसांचे महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले. कारण वनस्पतीला लागणाऱ्या सतरा मूलद्रव्यांपैकी हवा व पाणी यांतून तीनच मिळतात. उरलेली चौदा जमिनीतून यावी लागतात, आणि त्यांतील एकाचेही काम दुसरे करू शकत नाही.

कार्ल स्प्रेंगेल यांनी मांडलेला व लीबिग यांनी १८४० नंतर सर्वतोमुखी केलेला किमान घटकाचा नियम तो हाच. पिकाची वाढ ही मुबलक असलेल्या घटकावर अवलंबून नसून सर्वांत तोकड्या घटकावर अवलंबून असते. कचेरीतील एखाद्या प्रकरणावर चौदा सह्या हव्या असाव्यात आणि एक सही राहून जावी, तर उरलेल्या तेरा जणांनी पुन्हा पुन्हा सह्या केल्याने ते प्रकरण पुढे सरकत नाही. जस्ताची उणीव असलेल्या भाताला नत्राची दुप्पट मात्रा देणे हा त्याच जातीचा उद्योग होय. पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये भाताच्या ‘खैरा’ रोगाचे मूळ जस्ताच्या अभावात असल्याचे दाखविले. रोग समजून ज्याचा पाठलाग चालला होता ती वस्तुतः उपासमार होती.

ही चौदा द्रव्ये मुळांपर्यंत एकाच वाटेने येत नाहीत. नायट्रेटच्या रूपातील नत्र पाण्यात सहज विरघळते. पानांतून बाष्प उडून जाते तेव्हा मुळांकडे ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर ते वाहत येते, आणि अतिवृष्टीत त्याच सहजतेने मुळांखाली निघून जाते. स्फुरदाची गत निराळी. ते जागचे जेमतेम हलते. म्हणून ते मुळाच्या अगदी निकट असावे लागते, किंवा केशमुळांनी व मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीच्या तंतूंनी त्याच्यापर्यंत जावे लागते. पालाश चिकणमातीच्या कणांना धरून बसते आणि मुळे हायड्रोजनचे भारित कण बाहेर सोडतात तेव्हा त्यांच्या बदल्यात सुटे होते. या सर्व देवघेवीस ऊर्जा लागते, ऊर्जेसाठी मुळांना श्वसन करावे लागते आणि श्वसनासाठी मातीत हवा असावी लागते. पाणी तुंबलेल्या रानात खत भरपूर असूनही पीक पिवळे पडते, त्याचे एक कारण हे आहे.

यात जमिनीचा स्वभाव आणखी भर घालतो. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमच्या बंधनात अडकते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तेच स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्या ताब्यात जाते. काळ्या जमिनीत लोहाचा तुटवडा नसतो, परंतु चुनखडीमुळे ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही आणि उसावर केवडा पडतो. सारांश, जमिनीत द्रव्य असणे वेगळे आणि ते पिकाला मिळणे वेगळे. सर्व जमिनींना एकच मात्रा सांगणारा सल्ला म्हणजे सर्व रोग्यांना एकच काढा देण्यासारखे होय.

आता या ज्ञानाच्या प्रकाशात किमतींकडे पाहावे. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश यांची खते नियंत्रणमुक्त झाली. युरिया नियंत्रणाखालीच राहिला. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली, तीतूनही युरिया वगळण्यात आला. पंचेचाळीस किलोंच्या युरियाच्या गोणीला सर्व आकारांसह सुमारे २६६ रुपये पडतात. म्हणजे नत्र किलोमागे साधारण तेरा रुपयांस मिळते. डीएपीची गोणी १३५० रुपयांना धरली व तीतील नत्राची किंमत वजा केली, तर स्फुरदाचा किलो चौपन्न रुपयांच्या आसपास जातो. स्वस्त नत्राने पीक थोड्याच दिवसांत हिरवेगार दिसते. पालाशाचे काम डोळ्यांना दिसत नाही. अशा स्थितीत शेतकरी युरियाच अधिक उचलतो, यात त्याचे अज्ञान किती आणि धोरणाची शिकवण किती? त्याला दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही.

परिणाम मात्र त्याच्याच पदरी पडतात. अतिरिक्त नत्राने पान लुसलुशीत होते आणि मावा-तुडतुड्यांना आमंत्रण मिळते. ओलावा नसलेल्या काळ्या रानावर फोकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो, काही नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात उतरतो. त्याहून अधिक चिंतेची गोष्ट अशी, की आयते नत्र मुबलक मिळाले म्हणजे तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींचे काम मंदावते. हवेतील नत्र फुकट बांधून देणाऱ्या जीवाणूंना सरकारी अनुदानाने कामावरून दूर करावे, याहून विचित्र काटकसर कोणती? २०२२–२३ या वर्षी खत अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला होता, हे येथे विसरता येत नाही.

यावर रासायनिक खते सरसकट बंद करा, असे सांगणाराही एक पक्ष आहे. त्याचा हेतू शुद्ध असला तरी निदान अपुरे आहे. नायट्रेटचा कण शेणखतातून आला की कारखान्यातून, हा भेद मुळाला कळत नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली; भाताचे उत्पन्न घसरले आणि त्याच वर्षी ती बंदी मागे घ्यावी लागली. तथापि शेणखत, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत, शेतातच कुजविलेले पाचट यांचे मोल त्यांतील नत्रापुरते नसते. त्यांतील सेंद्रिय कर्बामुळे मातीत हवा खेळते, ओल टिकते, जीवाणू जगतात. दिलेले रासायनिक खत मुळांपर्यंत पोचविण्याचे काम हा कर्बच करतो. उसाचे पाचट पेटविणारा शेतकरी खताची गोणी वाया जाण्याची तजवीक स्वतःच करीत असतो.

तेव्हा मार्ग स्पष्ट आहे, सोपा नाही. युरियाला टप्प्याटप्प्याने त्याच अन्नद्रव्य-योजनेत आणावे, आणि त्यातून वाचणारा पैसा तिजोरीत न नेता त्याच हंगामात स्फुरद, पालाश व सूक्ष्म द्रव्ये स्वस्त करण्यास लावावा. लहान कोरडवाहू शेतकऱ्याला क्षेत्राच्या मानाने रोख साहाय्य मिळावे; नाहीतर सुधारणेची किंमत तोच मोजील. २०१५ मध्ये सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका तपासणीचा कागद म्हणून घरात खुंटीला अडकून न राहता, तिचा अर्थ बांधावर समजावून सांगणारा माणूस गावात असावा. गावोगावच्या माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळांत निदान मातीचा सामू तपासण्याची सोय करणे अवघड नाही; तेवढ्याने विद्यार्थ्याला विज्ञान आणि त्याच्या वडिलांना आपली जमीन, दोन्ही समजू लागतील.

खतावरील खर्च कमी करणे हे या सुधारणेचे उद्दिष्ट नव्हे. खर्च झालेला पैसा मुळांपर्यंत पोचविणे हे उद्दिष्ट आहे. युरियाची किंमत वाढविल्यास मते जातात, हे प्रत्येक पक्षाला ठाऊक आहे. जमिनीचा कस गेल्यास ती मते देणारा शेतकरीच गावात उरत नाही, हे मात्र कोणी बोलत नाही. पिकाला मतदानाचा अधिकार नाही. ते आपले म्हणणे पानांच्या रंगातून मांडते आणि सुगीच्या वेळी खळ्यात निकाल देते. त्या निकालावर अपील नसते.